देमाईचं काय झालं

कुंडलिकभाऊ घोडेगावात आमच्या घरामागे राहत. बांधकाम खात्यात ते मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळायचा, खड्ड्यांत मुरूम भरायचा, दरड आली की घमेलं-फावडं घेऊन धावायचं, हे त्यांचं काम. डिंभ्याकडच्या रस्त्यावर सगळी नोकरी गेली. पावसाळ्यात ते वरच अडकून पडत, आणि त्यांची बायको साळुबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून एसटीच्या कंडक्टरांना विचारत असे, "आमचं माणूस दिसलं का वो कुठं?"

भाऊंना वाचता येत नव्हतं. साळुबाई चौथीपर्यंत शिकलेली. भाऊ निवृत्त झाले तेव्हा तिने गावच्या वाचनालयात नाव घातलं आणि पहिल्यांदाच एक भली मोठी कादंबरी उचलून आणली. देवगिरीच्या यादवांच्या पडत्या काळातली, तीन खंडांची. तिचं नाव कोणी घेत नसे, सगळे "तीन खंड" म्हणत.

मोठ्याने वाचायची साळुबाईला एकच रीत ठाऊक होती, पोथीची. संध्याकाळी हातपाय धुऊन ती पाटावर बसे, पुस्तक चौरंगावर ठेवून त्याला हळदकुंकू वाही आणि ओवीच्या चालीत सुरू करी. घोडदळाची मोजदाद असो की राजाचा खलिता, चाल तीच. समोर भाऊ मांडी घालून बसत आणि दर वाक्याला "हां" म्हणत. राजपुत्राचं लग्न लागलं त्या दिवशी दोघांनी पुस्तकावर अक्षता टाकल्या. तो खंड परत गेला तेव्हा ग्रंथपाल चांगदेव पानांतले तांदूळ टेबलावर झटकत म्हणाला, "मावशे, कादंबरी हाय ही, पोथी न्हाई."

"मंग? लगीन लागलंच की तिच्यात. कोरडंच लावायचं व्हय?"

चांगदेवाने हे मला हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नाही, कारण ते लग्न मीही भिंतीआडून ऐकलं होतं.

माझे यजमान डॉक्टर होते. १९९३ साली ते गेले, दवाखान्याची पाटी उतरवली, मुलगी बंगळूरला. माझं शिक्षण पुण्यात नन्सच्या शाळेत झालं. तिथे लागलेली रोजनिशीची सवय अजून सुटलेली नाही. संध्याकाळी लिहायला बसले की मागच्या भिंतीतून साळुबाईची चाल येई. शब्द क्वचितच लागत. चाल आणि मधून मधून तो "हां". माझ्या घरात माणसाचा आवाज तेवढाच होता.

दुसरा खंड संपला आणि साळुबाईने अंथरूण धरलं. तिसरा खंड वाचनालयात नव्हता, कोणी नेला होता तो परतच आला नव्हता. १९९७च्या दिवाळीनंतर ती गेली.

दहाव्याला मी घोडनदीवर गेले. पिंड मांडले. कावळे बाभळीवर बसून होते, पण एक खाली उतरेना. साळुबाईचा भाऊ सावळेराम हात जोडून म्हणाला, "आक्का, दाजींना आमी वाऱ्यावर सोडनार न्हाई." कावळे जागचे हलले नाहीत. नणंद म्हणाली, "तुझी म्हस इकनार न्हाई गं." काही नाही. उन्हं चढली. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा कुंडलिकभाऊ पुढे झाले.

"साळू, देमाईचा दादला आला का न्हाई, ते मी काढतो हुडकून. वर्साच्या आत सांगतो तुला."

एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि मग एकमेकांकडे पाहिलं. सावळेरामाने भाऊंना बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज मुळातच मोठा.

"दाजी, ही देमाई कोन?"

"नानेघाटाच्या जकातीवर ऱ्हाती."

"आन् आमच्या बहिनीला ठावं व्हतं?"

"तिनंच तर सांगितलं मला."

बायकांत कुजबुज सुरू झाली. मग भाऊंच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "आरं, पुस्तकातली हाय ती!" पण नणंदेचा चेहरा काही सैल झाला नाही.

परत येताना भाऊंनी मला सगळं सांगितलं. दुसऱ्या खंडात, मोठमोठ्या लढायांच्या मध्ये, देमाईची थोडीशी पानं होती. तिचा नवरा जकातनाक्यावरचा पहारेकरी. फौजेबरोबर देवगिरीला जाताना तो म्हणतो, "शिंक्यात भाकर ठेव, आलोच." ती रोज ताजी भाकर शिंक्यात ठेवते आणि कालची कुत्र्याला घालते. पुढे लेखक राजाकडे वळतो. साळुबाई मात्र वळली नाही. शेवटच्या आजारात ती रोज विचारी, तिसरा खंड आला का. "डॉक्टरीनबाई, मी वर अडकलो की हीबी भाकर झाकून ठेवायची," भाऊ म्हणाले.

तो खंड मीही वाचला नव्हता. पण त्या जानेवारीत चांगदेवाने वाचनालयात वाचकांचा मेळावा ठेवला आणि विषय नेमका "तीन खंड" निघाला. मी भाऊंना घेऊन गेले. ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, पहिल्या रांगेत बसले.

अवसरी बुद्रुकचे एक निवृत्त मुख्याध्यापक आधी उठले. म्हणाले, "भाषा ओघवती आहे, पण लेखकाने यादवांच्या सैनिकाला मिरचीचा ठेचा खायला दिला आहे. मिरची या देशात आली पोर्तुगीजांबरोबर! अहो, दोनशे वर्षं आधी ठेचा कुठला?"

मागून कोणी म्हणालं, "मंग कोरडी भाकर खायची का त्यानं, गुरुजी?" हशा झाला. गुरुजी पाणी प्यायले आणि बसले.

मंचरच्या कॉलेजात शिकणारी तेजस्विनी म्हणाली की राणीला नुसतं रडवलं आहे, ती जरा विचार करते तेवढ्यात कोणीतरी तुतारी फुंकतं. आळेफाट्याला हॉटेल चालवणारे गेणभाऊ मात्र खूष होते. "राव, शेवटची लढाई वाचताना माझी भजी करपली. हत्ती दरवाजाला धडक देतो ना, तिथं मी रडलो. ज्यानं तिसरा खंड वाचला न्हाई त्यानं काय वाचलंच न्हाई."

कुंडलिकभाऊ उभे राहिले. "पावणं, तुमी तिसरा वाचला?"

"दोनदा. घरचा हाय माझा."

"देमाईचा दादला आला का?"

गेणभाऊंनी डोकं खाजवलं. "कोन देमाई?"

भाऊंनी शिंकं सांगितलं, भाकर सांगितली, कुत्रंही सांगितलं. गुरुजींनी भुवया उंचावल्या. तेजस्विनी म्हणाली, "मी ते वर्णन बहुतेक गाळलं." कोणालाच आठवेना. नदीवर जसं सगळे त्यांच्याकडे बघत होते तसंच इथे बघायला लागले. चांगदेव घाईघाईने आभार मानायला उठला.

पण गेणभाऊ भला माणूस. पुढच्या आठवड्यात त्यांनी आळेफाट्याहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तिसरा खंड पाठवून दिला, कायमचा.

तो मी वाचायचा असं ठरलं. पाट-चौरंग भाऊंनी माझ्या ओट्यावर आणून मांडला. मला ती चाल येत नव्हती. नन्सनी शिकवलेलं माझं वाचन, ताठ बसून, स्पष्ट, सपाट. पहिल्या संध्याकाळी भाऊंना "हां" कुठे म्हणावं ते कळेना. मग मी वाक्य संपलं की थांबायला लागले. हळूहळू जमलं.

राजे पडले, किल्ला पडला, हत्तीने दरवाजाला धडक दिली. भाऊ प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुढे सरकून बसत आणि शेवटी पुन्हा मागे भिंतीला टेकत. आषाढात खंड संपला. देमाईचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"एखादं पान चिकटलं असंल," भाऊ म्हणाले.

आम्ही पानं उजेडात धरून पाहिली. एकही चिकटलेलं नव्हतं.

"मला तिचं नाव लिहून दावा. कसं दिसतं ते."

मी पाटीवर मोठ्या अक्षरात देमाई लिहिलं. त्यानंतर ते रोज दुपारी खंड घेऊन ओट्यावर बसत, पाटी शेजारी ठेवून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत. मधूनच मला हाक येई. "हे बघा, ही हाय का?" मी बाहेर येऊन पाही. "नाही भाऊ, ते देवगिरी आहे." पुन्हा बोट पुढे. देवगिरी त्या खंडात पानोपानी होतं. श्रावण असाच गेला. शेवटच्या पानावर बोट थांबलं तेव्हा त्यांनी पाटी पुसली आणि मला परत दिली.

"लिव्हनारा इसरला तिला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊ, तो आला असेल असं आपण धरून चालू."

"आपन धरून काय उपेग? साळूला मी हुडकून सांगतो म्हनलोय."

वर्षश्राद्धाला पान पत्र्यावर ठेवलं. भाऊंनी हात जोडले. "साळू, तो आला असं पुस्तकात न्हाई. आला न्हाई असंबी न्हाई. डॉक्टरीनबाईंनी पान न् पान वाचलं. मीबी बघितलं." ते खाली मान घालून उभे राहिले. कावळा आला नाही. मंडपात माणसं जेवायची खोळंबली होती. शेवटी सावळेराम म्हणाला, "दाजी, दर्भाचा कावळा करू. आता किती थांबायचं?"

"करा," भाऊ म्हणाले. दर्भाच्या कावळ्याने पान शिवलं आणि पंगत बसली. भाऊ जेवायला बसले नाहीत.

संध्याकाळी ते वाचनालयातून पहिला खंड घेऊन माझ्या दारात उभे होते. कुंकवाचे डाग पडलेला तोच. "पुन्यांदा लावू या. पोथी का एकदाच वाचत्यात?"

पुढची काही वर्षं आमची अशीच गेली. तिन्ही खंड संपले की पुन्हा पहिला. गावात कोणी हसलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही. आम्ही दोघे दुसरं काही बोलत नसू. त्यांनी माझ्या मुलीबद्दल विचारलं नाही, मी त्यांच्या जेवणाबद्दल. देमाईची पानं आली की ते "हां" म्हणत नसत, नुसतं ऐकत. मला वाटे, ते अजून शोधत आहेत. आणि खरं सांगायचं तर मी त्या संध्याकाळच्या वाटेकडे डोळे लावून बसत असे.

२००४च्या भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. तेव्हा आम्ही दुसऱ्या खंडात होतो.

दहाव्याला मी नदीवर गेले. कावळा शिवणार नाही, सगळे म्हशीच्या, शेताच्या गोष्टी करतील, आणि मग मलाच पुढे व्हावं लागेल, अशी माझी खात्री होती. रात्रभर मनात वाक्य जुळवलं होतं, की भाऊ, मी वाचत राहीन, देमाईचं काही कळलं तर सांगेन. पिंड मांडून भटजी मागे सरकले, तोच बाभळीवरून कावळा उतरला. कोणी हातही जोडले नव्हते.

"दाजींची काय इच्छाच राहिली नव्हती," सावळेराम समाधानाने म्हणाला. सगळे उठले, कपडे झटकले, गाड्यांकडे निघाले. माझं वाक्य तसंच राहिलं.

घरी आले. ओट्यावर पाट-चौरंग होता, खंडात खूण होती. संध्याकाळी हातपाय धुऊन बसले आणि खुणेपासून वाचायला घेतलं. अजूनही वाचते. वाक्य संपलं की थांबायची सवय तेवढी गेली नाही.