पांढऱ्या फुल्यांपलीकडचा पाव

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या पर्थची माणसं. तिकडे शनिवारी फिरायला निघायचं म्हणजे पाण्याचे दोन कॅन, दोन वेळचं जेवण आणि पेट्रोलची भरलेली टाकी. दिवसभर गाडी हाकली तरी राज्य संपत नाही. नेदरलँड्सला राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी त्याच तयारीने बेल्जियम बघायला निघालो. पासपोर्ट मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. विसाव्या मिनिटाला एका गावात नवऱ्याने गाडी थांबवली. फुटपाथवर रंगवलेल्या पांढऱ्या फुल्यांची एक रांग होती.

"अगं, हीच सीमा."

"मग तपासणारे कुठेत?"

कुणीच नव्हतं. मी लंगडी घालत बेल्जियममध्ये गेले, परत आले, पुन्हा गेले. चाळिशीतल्या बाईने असं करावं का, हा प्रश्न नंतर पडला. तेवढ्यात घरातल्या सपाता घातलेल्या एक आजी बेल्जियमच्या बाजूने पाव घेऊन आल्या आणि फुल्यांकडे न बघताच त्या ओलांडून गेल्या.

"तिकडचा पाव बरा असतो," मला मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

परदेश म्हटलं की मला पर्थच्या विमानतळावर माझा हात न सोडणारी आई दिसते. आजी परदेशातून घरी पोचल्या, तेव्हा त्यांचा पाव अजून गरम असणार.