बिनखिळ्याची भिंत

सोमण काकूंनी सगळी नोकरी दुबईत केली, पण राहत्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही. नवऱ्याचा हार घातलेला फोटो खुर्चीवर टेकवलेला असे, कॅलेंडर फ्रीजच्या मुठीला बांधलेलं. "आपण भाड्याने राहतो गं, भिंत दुसऱ्याची," एवढंच त्या म्हणत. इथे वाढलेल्या आम्हा पोरांनी हे आपापल्या आयांकडून ऐकलेलं होतं. काकू मात्र ते कामावरही पाळत. म्हणून साइटवर त्यांचं नाव पडलं 'नो ड्रिल मॅडम'.

जुन्या वास्तू ऑफिसांसाठी तयार करून देणाऱ्या कंपनीत त्या आर्किटेक्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. पुण्यात शिकताना मी जुन्या इमारती वाचवायची पत्रकं लिहायचे. तोच आवेश घेऊन इथे परतले होते. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे पत्रकं वाटलीस तर परतीचं तिकीट हातात पडेल. आधी बघायला शीक."

बघायला त्यांनी खाडीजवळचं एक घर दाखवलं. कुणा मोत्याच्या व्यापाऱ्याने बांधलेलं, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाचं. दारातून थेट आत काही दिसत नाही. वाट वळते आणि मग अंगण उघडतं. तिथे ऑफिस थाटणाऱ्या कंपनीला ते वळण पाडून काचेचा दरवाजा हवा होता. काकूंनी त्यांच्या साहेबांना अंगणात बसवलं, चहा पाजला आणि अवाक्षर काढलं नाही. निघताना साहेबांनीच काच रद्द केली. मला म्हणाल्या, "चांगल्या घराने आपलं सगळं दारातच सांगू नये."

खरी लढाई पेटली ती त्याच घराच्या वाऱ्याच्या मनोऱ्यावरून. इथे त्याला बरजील म्हणतात. वरचा वारा पकडून तो खालच्या खोलीत आणून सोडतो. एसीची हवा त्यातून निसटते म्हणून आमच्या मॅनेजरने त्याचं तोंड विटा-सिमेंटने बुजवायला सांगितलं. "यल्ला मॅडम, सिमेंट मारो, खलास." काकू म्हणाल्या की तसल्या नकाशावर त्या सही करणार नाहीत. त्यांच्या व्हिसाचे कागद त्याच माणसाच्या टेबलावरून जात होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनाही.

तोडगा त्यांनीच काढला. मनोऱ्याच्या तोंडात लाकडी चौकट पाचर मारून बसवली आणि तिच्यावर स्क्रूने झडप लावली. दगडाला एक भोक नाही. मी भडकले. वारा बंद झाला तो झालाच, तुम्ही त्यांचंच काम सोपं करून दिलंत, असं तोंडावर सुनावलं. त्यांनी शांतपणे हात पुसले.

"अगं, त्यांचा करार संपेल. आपलाही संपेल. करायचं ते उलटं करता येईल असं करावं."

वर्ष संपलं तेव्हा कंपनीने काकूंचा करार वाढवला नाही. वयाचं कारण दिलं. मी सरळ लिहिते: ती शिक्षा होती. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, मग घरही जातं. फ्लॅट परत देताना मी सोबत होते. भिंतींची भोकं शोधायला आलेल्या वॉचमनने सगळ्या खोल्यांतून हात फिरवला आणि थांबून विचारलं, "मॅडम, यहाँ कोई रहता था?"

काकू हसल्या. म्हणाल्या, "हाँ भैया, थोडे दिन." नवऱ्याचा फोटो साडीत गुंडाळून त्यांनी छातीशी धरला होता.

गेल्या महिन्यात भाडेकरू कंपनी ते घर सोडून गेली. मी जाऊन झडप काढली. पाचरी सैल करताच चौकटही निघाली आणि वारा खाली उतरला. रिकाम्या खोलीतली धूळ अंगणाकडे सरकली. दाराबाहेरच्या पाटीवर व्यापाऱ्याचं नाव आहे, दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचं आहे. काकूंचं नाही. मी तशीच धुमसत उघड्या मनोऱ्याचा फोटो काढला आणि नाशिकला परतलेल्या काकूंना पाठवला. पाटीबद्दलही लिहिलं, चांगलं लांबलचक.

उत्तर आलं: "छान. स्क्रू फेकू नकोस, पुढच्या भाडेकरूला लागतील."

मी स्क्रू एका कापडी पिशवीत भरले आणि पिशवी झडपेच्या कडीलाच बांधली. दुसरीकडे टांगायला त्या भिंतीत एकही खिळा नव्हता.