फागुन बदी पंचमीचा हत्ती

आता कसं सांगू, कुठून सुरू करू! माझ्याच लग्नाची गोष्ट आहे, आणि त्यात मी असा काही तोंडावर आपटलो की आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली जुनी मंडळी अजून मला बघून मिशीत हसतात. चहा घ्या आधी. गार झाला तर आमच्याकडे परत गरम करून मिळत नाही.

संस्थानचे दिवस होते. मी सरकारी दप्तरात नकलनवीस, म्हणजे जुने कागद नव्या कागदावर उतरवणारा. दिवसभर हात कागदावर आणि मन गोरखी वाड्याजवळ राहणाऱ्या आप्पासाहेबांच्या कमलकडे! कमल शिकलेली, बोलायला खमकी. पण तिचे वडील! तीस वर्षं अधिकारी म्हणून राहिलेले, आता पेन्शनीत, तरी दरारा तोच. माझ्या काकांनी शब्द टाकला तर म्हणाले, "मुलगा करतो काय? नकला? दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवणाऱ्याला स्वतःची अक्कल आहे का, ते कळू दे. रंगपंचमीला आमच्या मंडळात व्याख्यान असतं. यंदाचं त्यानं द्यावं. मग बघू."

मग बघू! अहो, या दोन शब्दांनी माझी भूक गेली. व्याख्यान रंगलं तर कमल, पडलं तर ती झांशीच्या एका वकिलाकडे जाणार, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

विषय शोधायला मी दप्तरातले जुने रोजनामचे उपसायला लागलो. आणि घबाडच सापडलं! तीन वेगवेगळ्या सालांतल्या तीन नोंदी, हिंदी कारकुनांच्या हातच्या, आणि तिन्हींवर तिथी एकच: फागुन बदी पंचमी.

एका साली मिरवणुकीतला हत्ती भर बाड्यावर, म्हणजे लश्करच्या मुख्य चौकात बसला, तो दिवस मावळेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या साली एक अख्खी पलटण अंगरखे उलटे घालून कवायतीला आली. आणि तिसऱ्या साली एक वरात भलत्याच घरात शिरली, पंगत झोडली, आणि विडे खाताना त्यांच्या लक्षात आलं की यात आपली नवरी कुठेच नाही!

फागुन म्हणजे फाल्गुन. बदी म्हणजे वद्य. फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे काय? रंगपंचमी! माझ्या व्याख्यानाचाच दिवस! मी मेजावर असा हात मारला की दौत उलटली आणि तीन दिवसांचं काम निळं झालं. कुणाला पर्वा होती?

मग काय, डोकं चालायला लागलं. हत्ती का बसला? कुणीतरी भांग पाजली, रंगपंचमीच ती! पलटणीनं अंगरखे उलटे का घातले? रंगानं खराब होऊ नयेत म्हणून! वरात का चुकली? तोंडं रंगलेली, कोण कुणाला ओळखणार? सगळं कसं चपखल बसलं. मला तर वाटलं, आपण जन्मालाच या कामासाठी आलो.

रंगपंचमीची संध्याकाळ. मंडळाचं दालन खच्चून भरलेलं. अंघोळी करून आले होते सगळे, पण कुणाचे कान गुलाबी, कुणाच्या मिशा हिरव्या. पुढच्या खुर्चीवर आप्पासाहेब, शेजारी त्यांचे दोस्त मुनशीजी. बायकांच्या बाजूला पडद्यामागे कमल.

मी जे सुटलो! हत्ती बसवला, पलटण नाचवली, वरात जेवू घातली. लोक मांड्या थोपटत होते. पडद्यामागून बांगड्या वाजल्या. आप्पासाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "तीन सालं, तीन चमत्कार, आणि तिथी एकच, रंगपंचमी!" असं म्हणून मी हात जोडले आणि टाळ्यांनी छताची धूळ खाली आली. जिंकलं होतं मी! मनातल्या मनात मुंडावळ्यासुद्धा बांधल्या.

तेवढ्यात मुनशीजी उठले. फार गोड माणूस.

"बेटा, बहुत बढ़िया बोले. बस एक बात समझ में नहीं आई. फागुन बदी तो होली से पहले पड़ती है. होली के पच्चीस दिन पहले रंग किसने खेला?"

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. अहो, आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदीवाल्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे. त्यांची फागुन बदी ती आपली माघ वद्य! हे ग्वाल्हेरातल्या शेंबड्या पोराला कळतं. घरात आईशी एक महिना बोलायचा, दारात दूधवाल्याशी दुसरा, यात जन्म गेला माझा! आणि ऐन वेळी विसरलो. हिंदी कारकुनाचा महिना मराठी पंचांगानं वाचला, गाढवासारखा!

आप्पासाहेबांच्या भुवया वर. मला समोर झांशीचा वकील दिसायला लागला.

आणि तोंडातून कसं निघालं कोण जाणे, मी ओरडलो, "वाह मुनशीजी! हाच तर माझा मुद्दा!"

"कौन सा मुद्दा?"

"रंगपंचमीला हत्ती बसला असता तर त्यात नवल कसलं? भांग प्याला म्हटलं असतं! पण इथे रंग नाही, भांग नाही, होळीला पच्चीस दिन बाकी, आणि तरी हत्ती बसला! तरी पलटण उलटी! तरी वरात चुकली! सांगा, आता याला विचित्र म्हणायचं की नाही?"

मग मुनशीजीच खो खो हसले. "लड़का तो गजब है, आप्पासाब!" मग असा हशा उसळला की विचारू नका. टाळ्या पहिल्यापेक्षा दुप्पट! मला खांद्यावर घेऊन बाड्यापर्यंत नेलं लोकांनी. आप्पासाहेब रुमालानं डोळे पुसत होते, हसून हसून. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांकडे निरोप आला: मुलगा पसंत आहे.

त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी उंच झालो नाही. लग्नानंतर कित्येक महिने मी छाती काढून चालत होतो. आप्पासाहेबांसारख्या माणसाला बुद्धीवर जिंकलं म्हणजे काय!

एकदा पाटावर बसल्या बसल्या हिला विचारलं, "खरं सांग, तुझ्या वडिलांना काय आवडलं? माझी विद्वत्ता, की माझं प्रसंगावधान?"

ही वाढता वाढता म्हणाली, "दोन्ही नाही."

"मग?"

"घरी येऊन आईला म्हणाले, डोळे मिटून मुलगी देऊ या. याला महिन्याचा हिशेब कळत नाही. कमल महिन्याभराच्या माहेरपणाला आली आणि दोन महिने राहिली, तरी याला पत्ता लागायचा नाही."

मी खूप हसलो. काय पण आप्पासाहेब! मग वरणभात कालवता कालवता सहज बोटं मोजली आणि हात थांबला. मंगळागौरीसाठी महिन्याभराचं सांगून गेलेली ही, परत आली होती दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर.