‘आवाज’ नावाचं पार्टिशन

दिग्रसमध्ये ऑटोवर भोंगा बांधून जो आवाज गल्लोगल्ली फिरायचा, तो माझ्या नवऱ्याचा. कापडाचा सेल लागला, नळाला पाणी येणार नसलं, बाजारात कुणाचं मूल हरवलं, की लोक ह्यांच्याकडे यायचे. सुरुवातीला हे स्वतःच ऑटोत बसून माइक धरत. पुढे घरी कॉम्प्युटर आला. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तिथे हे रेकॉर्डिंग करायचे आणि पेनड्राइव्ह भरून ऑटोवाल्याकडे द्यायचे. गावात त्याला सगळे अलाउन्सिंगच म्हणतात. आधी मराठीत, मग हिंदीत, आणि गाडी तांड्यांकडे जाणार असली तर शेवटी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. ‘याडी, भिया’, म्हणजे आई, भाऊ, अशी हाक भोंग्यातून आली की तांड्यातल्या म्हाताऱ्या हातातलं काम टाकून दाराशी येत, असं ऑटोवाले सांगायचे.

घसा बसला तेव्हा आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नाही. आवाजाचा धंदा, घसा बसणारच. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तपासणीला तुकडा पाठवला, आणि मग सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले होते. कळंब मागे पडलं तेव्हा एकदम म्हणाले, “गावायचे नावं घेऊन ठेवतो.”

मला समजलं नाही. “कोणती नावं?”

“गावायचे. वारायचे. महिन्यायचे. शंभरापर्यंत आकडे. तुले जोडता येईन मंग. तू काय, कॉम्प्युटर चालवतेच शाळेत.”

ऑपरेशनच्या आधी जेवढे दिवस हातात होते, तेवढे हे त्या गाद्यांच्या खोलीत बसले. घसा दुखायचा, मध्येच कोमट पाणी प्यायचे, पुन्हा माइकसमोर. दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद, उमरखेड, ढाणकी. सोमवार, मंगळवार. ‘भव्य सेल’, ‘फक्त’, ‘आज सायंकाळी’, ‘दुःखद निधन’. प्रत्येक शब्द दोन तऱ्हांनी, एकदा वाक्याच्या मध्ये बसेल असा आणि एकदा वाक्य संपल्यासारखा. मी दारात उभी राहून ऐकत असे. एकदा म्हटलं, “आमच्यासाठी बी बोला ना काही. पोरीसाठी बोला.”

“धंद्याचं काम चालू आहे,” हे म्हणाले. “टाइमपास नोको करू.” आणि हसले. त्या दिवशी तेवढंच.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं, श्वास तिथून घ्यायचा. आवाज पार गेला. खोकला यायचा तोही नुसती हवा. काही हवं असलं की टाळी वाजवायची, सांगायचं असलं की मोबाइलवर लिहायचं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आम्ही आणलं होतं. ह्यांनी एकदा लावून पाहिलं, भुंग्यासारखं काहीतरी निघालं, आणि ते परत डब्यात ठेवून दिलं.

दोनेक महिन्यांनी बाजारातल्या एका कापडवाल्याने विचारलं, जुनीच अलाउन्सिंग तारीख बदलून मिळेल का. शाळेतून आल्यावर मी कॉम्प्युटरवर बसले. शब्द शोधायचा, कापायचा, शेजारी लावायचा, मधली शांतता कमी-जास्त करायची. हे मागे खुर्ची टाकून बसले होते आणि चुकलं की खांद्यावर बोट टेकवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटो आमच्या गल्लीतून गेला. हे फाटकाशी उभे होते. भोंग्यातून ह्यांचा आवाज आला, पूर्वीसारखाच भरदार. समोरच्या काकू बाहेर आल्या आणि आनंदाने ओरडल्या, “बोलाले लागले का हो भाऊ?”

ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग ऑटो वळेपर्यंत तिकडेच पाहत राहिले. संध्याकाळी पोळी जास्त खाल्ली. मला वाटलं, निभेल असं.

तशा चार-पाच अलाउन्सिंग केल्या असतील, आणि कॉम्प्युटरमधून टक-टक आवाज यायला लागला. गावात दुरुस्तीचं दुकान असलेला ह्यांचा एक जुना मित्र आहे. तो आला, डबा उघडला, कान लावला. “वहिनी, हार्डडिस्क जाऊन राह्यली. आज-उद्याचं काम आहे. नवीन घ्या अन् सगळा डाटा तिच्यात टाका.”

नवीन डिस्क यवतमाळहून आणली, चांगल्या कंपनीची, मोठी. ती बसवली तर कॉम्प्युटरला दिसेचना. मित्राने फोनवरून सांगितलं की नवी डिस्क कोऱ्या जमिनीसारखी असते, आधी शेताच्या बांधासारखे तिचे धुरे पाडावे लागतात, म्हणजे पार्टिशन करावे लागतात. त्याच्या सांगण्याप्रमाणे मी दोन भाग केले. एकाला नाव दिलं ‘आवाज’, दुसऱ्याला ‘घर’. माझा हेतू एवढाच, की माझ्या शाळेच्या आणि बिलांच्या पसाऱ्यात ह्यांचं काम मिसळू नये. मग जुन्या डिस्कवरून सगळं नवीवर आणलं. रात्रभर कॉपी चालली होती. ते झालं आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी जुनी डिस्क बंदच पडली. मित्र म्हणाला, “थोडक्यात वाचलं पाहा तुमचं.” त्या दिवशी आम्ही त्याला जेवायलाच ठेवून घेतलं.

नव्या डिस्कचं दुखणं सुरू झालं ते एका रविवारी. ‘आवाज’ उघडायला गेले तर उघडलं नाही. फाइल करप्ट आहे, वाचता येत नाही, अशी सूचना आली. बंद करून चालू केलं तेव्हा उघडलं, पण निम्मी फोल्डरं रिकामी. तिसऱ्यांदा पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? हे मागेच होते. त्यांनी पटकन माझं मनगट धरलं.

“नाही करत,” मी म्हटलं. “नाही करत मी.”

मित्राने आधी वायर बदलली. मग डिस्क काढून स्वतःच्या दुकानातल्या मशीनला लावली. मग तिच्यावर चूक-दुरुस्तीची कमांड चालवली. ती सबंध दुपार चालली. पडद्यावर आकडे सरकत होते आणि आम्ही तिघं दुकानाच्या बाकावर बसून ते पाहत होतो. शेवटी एक नवं फोल्डर तयार झालं. त्यात नावं नसलेले, नुसते नंबर असलेले शेकडो तुकडे. मित्राने एक वाजवला. खरखर. दुसरा वाजवला, तर काहीच नाही. तिसऱ्यात कुठल्यातरी जुन्या जाहिरातीमागच्या बँडचा ठेका आला आणि तुटला. त्यानंतर ‘आवाज’ पार्टिशनपुढे फक्त ‘रॉ’ असं यायला लागलं.

“रॉ म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे त्याले समजूनच नाही राह्यलं का इथं काय ठेवलं आहे ते.” तो डिस्क हातात घेऊन उलटसुलट करत होता. “नवी कोरी डिस्क आहे, वहिनी. नवी डिस्क अशी करत नाही. हिच्यात येतानाच दोष असंन.”

‘घर’ मात्र ठणठणीत होतं. त्याच डिस्कवर, त्याच दिवशी पाडलेल्या धुऱ्याच्या पलीकडे. विजेची बिलं, माझ्या वर्गाचे निकाल, पोरीच्या ॲडमिशनचे कागद, कुणाच्या तरी लग्नाच्या आमंत्रणाचा फोटो, सगळं उघडत होतं. मी एकेक उघडून पाहिलं आणि मला त्या बिलांचा राग आला. एवढा राग कशाचा कधी आला नव्हता.

मग डाटा परत काढायचं एक सॉफ्टवेअर मित्राने आणलं. ते चालवल्यावर यादी आली आणि तिच्यात नावं दिसत होती. सोमवार. ढाणकी. भव्य सेल. फाइलचे आकारही बरोबर. ह्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तोंड उघडून हसले, बिनआवाजाचं हसू. सगळं पेनड्राइव्हवर काढून घेतलं. घरी येऊन ‘सोमवार’ लावला. जितका वेळ ‘सोमवार’ म्हणायला लागतो, तितका वेळ शांतता आली. ‘ढाणकी’, तशीच. आम्ही एकामागून एक लावत गेलो. आवाजाचं बटण मी पूर्ण वर केलं होतं, त्यामुळे रिकाम्या स्पीकरची सूं-सूं तेवढी येत होती. हे उठून गेले तेव्हाही मी लावतच होते.

मी ऑटोवाल्यांकडे गेले. कुणाकडे जुना पेनड्राइव्ह असेल, अशी आशा. बसस्टँडबाहेर सात-आठ जण उभे असतात, सगळे ह्यांना ओळखणारे. “मॅडम, आमी काय ठेवतो? तारीख गेली का पुसतो, अन् गाणे भरतो,” एक म्हणाला. दुसऱ्याने गाडीच्या कप्प्यात खूप शोधलं. त्याच्याकडे एक जुनी अलाउन्सिंग निघाली, बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाची. तिच्यात ढोल इतके जोरात की मागचा माणूस कोण बोलतो ते घरच्यांनाच कळावं. त्यातून शब्द सुटे करता आले नाहीत. मी खूप प्रयत्न केला.

नागपूरला ह्यांच्या तपासणीसाठी जायचं होतं, तेव्हा डिस्क पिशवीत टाकली. तिथे डिस्क उघडून डाटा काढणारे लोक आहेत. तिथल्या माणसाने ती यंत्राला लावली, ऐकली, आणि म्हणाला की आतला काटा तबकडीला घासला आहे. “जितनी बार चलाया, उतना और घिसा होगा. मैं झूठी उम्मीद नहीं दूँगा, मॅडम.” ह्यांनी मोबाइलवर लिहून त्याला दाखवलं: ‘एका गावाचं नाव तरी?’ त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

ह्यांची तपासणी चांगली आली. डॉक्टर खूश होते. गाठ परत आलेली नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण हे डॉक्टरांसमोर असे बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचला जात होता.

डिस्क वॉरंटीत होती. ‘घर’मधले कागद मी पेनड्राइव्हवर काढून घेतलेच होते. यवतमाळच्या दुकानदाराने सांगितलं की कंपनी बदलून देते, नवी कोरी, विनाअट. “फक्त ही जमा करा लागंन, ताई. ही परत नाही भेटत.”

ते मी घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि म्हटलं, “नाही देत आपण. राहू द्या घरात.” माझ्या मनात होतं की उद्या काही नवं तंत्र निघेल, दुसरा कुणी माणूस भेटेल. ह्यांनी लिहिलं, ‘कायले?’ त्यांनी पुन्हा लिहिलं, ‘त्यात काही नाही.’

मग स्वतःच खोका शोधला, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हलू नये म्हणून बाजूने वर्तमानपत्र कोंबलं. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं एसटीने यवतमाळला गेलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टिपून घेतला, खोका मागच्या ढिगात ठेवला. तिथे तसे बरेच खोके होते. हे वळून न बघता बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. मी पावती घेतली.

आता कापडवाला मोबाइलमधल्या कुठल्याशा तयार आवाजात अलाउन्सिंग करून घेतो. त्यात एक बाई बोलते. दिग्रसचा उच्चार तिला येत नाही. लोक पहिल्यांदा हसले, मग सवय झाली. गोरबोलीत कुणी बोलत नाही. ती गाडी गल्लीत आली की हे आत जातात. मागच्या खोलीतल्या गाद्या आम्ही उतरवल्या. पावसात ओल धरत होत्या.

बदली डिस्क पावसाळा सरता सरता आली. मीच बसवली. पहिल्याच खेपेला दिसली, एकही चूक दाखवली नाही. पार्टिशन किती करू म्हणून ह्यांना विचारलं. त्यांनी एक बोट वर केलं आणि अंगणात वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीकडे गेले, कारण आभाळ आलं होतं.