तलाव कोणी खोदला

भय्याजींनी माझ्या लिखाणावर चहाची बशी ठेवली. अकरा पानं होती, चार महिने खपून लिहिलेली. ओसरीवर सात-आठ माणसं खुर्च्यांवर बसलेली. मी उभी. बाबा, माझे वडील, पायरीखाली चप्पल काढून उभे.

भय्याजी म्हणजे जुन्या मालगुजाराचे, गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचे, नातू. गावाची स्मरणिका काढायचं त्यांच्या मनात आलं. इतिहासात एम.ए. झालेली गावात मी एकटी. कोटवाराची, म्हणजे गावच्या चौकीदाराची पोरगी, सौंसरच्या कॉलेजात शिकलेली. निरोप आला, गावाचा इतिहास लिही. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले. इतिहासाचं पुस्तक उघडलं की मला तव्यावरच्या भाकरीची शुद्ध राहत नाही.

या अभ्यासानं मला एक खोड लावली. अमक्यानं बांधलं असं कोणी म्हणालं, की मी विचारते, माती कोणी उचलली? छिंदवाड्याला खेटे घालून मी जमीन-साऱ्याच्या बंदोबस्ताच्या जुन्या सरकारी कागदाची नकल काढली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गावचा तलाव बेगारीनं खोदला. खालच्या मोहल्ल्यातून घरटी एक माणूस, फुकट. तो मोहल्ला आमचा. माझ्या आज्याचा बापही त्यात असणार. मी तसंच लिहिलं.

भय्याजींनी ते पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"इतिहास लिवून राहिली का आमची इज्जत काढून राहिली?"

"कागदात आहे, भय्याजी."

"कागद ठेव तुह्या घरी. इतिहास मोठ्या लोकाइचा रायते. तुमच्या लोकाइनं काय केलं? माती तं गधेबी वाहतात."

खुर्च्या हसल्या. बाबा जमिनीकडे पाहत होते.

मग भय्याजींनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'मालगुजारसाहेबांनी स्वखर्चाने तलाव खोदवून दिला.' खाली लेखिका म्हणून माझं नाव. फक्त सही बाकी. तेव्हा मला कळलं, यांना माझा अभ्यास नको होता. खालच्या मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरीचं नाव हवं होतं, म्हणजे कोणी शंका घेणार नाही.

"सही कर. तुह्या बापानंतर कोटवारी तुलेच भेटन. मी पाहतो."

बाबांनी मला मानेनंच खुणावलं. कर. इकडे आड, तिकडे विहीर. लाज वाटते सांगायला, पण मी पेन हातात घेतलं होतं. टोपणही काढलं. मग ती ओळ पुन्हा वाचली. पन्नास वर्षांनी एखादी पोरगी हाच कागद पुरावा म्हणून उघडेल. तिला फसवणारी मी असेन.

पेन खाली ठेवलं.

"मी सही करत नाही. माझं नाव काढा."

"माजली," भय्याजी म्हणाले.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, आपल्याले याच गावात रायचं हाये."

हो. याच गावात. दुसरं गाव नाही, दुसरी नोकरी नाही. कोटवारीही आता गेल्यातच जमा. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं की माझा जीव घुसमटतो. तरी रोज वही घेऊन मोहल्ल्यात एकेका दारी बसते. तुमच्या घरून खणायला कोण गेलं होतं, विचारते. म्हाताऱ्या आठवून आठवून नावं सांगतात. मी लिहून घेते.

त्यांची स्मरणिका थाटात निघू दे. माझंही पुस्तक निघेल. खणणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात असेल. मालगुजाराचंही असेल. फुकट राबवून घेणारा म्हणून.