घरी बोलली जाणारी भाषा

शिक्षण हा लोकशाहीचा पाया आहे, असं न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेच्या दारावर लिहिलं आहे. आत हा पाया ऑफिसातल्या एका मराठी काकूंच्या ताब्यात असतो. चष्मा कपाळावर, ड्रॉवरमध्ये चिवडा. फॉर्मवर त्यांचा विश्वास नाही. रांगेतली माणसं काय बोलतात, ते त्या ऐकतात.

नागपूरहून आल्यावर मुलाचं नाव घालायला गेलो. ‘घरी बोलली जाणारी भाषा’ यापुढे मी ऐटीत ‘इंग्रजी’ लिहिलं.

काकूंनी फॉर्म परत सरकवला. “मघाशी त्याला ‘गप उभा राहा’ म्हणालात, ते इंग्रजी होतं का?”

“पण मराठी लिहिलं तर त्याला वेगळं बसवतील ना?”

“बसवतील की! इंग्रजी शिकवायला खास बाई आहेत. पण अशी मुलं किती, हे मोजून राज्य सरकार शाळेला पैसे देतं. तुम्ही सगळेच इंग्रज झालात, तर बाई घरी बसतील.”

मी ‘इंग्रजी’ खोडून ‘मराठी’ लिहिलं. बाई टिकल्या, मुलगा दोन वर्षं त्यांच्याकडे शिकला. काकूंचे उपकार मी विसरलेलो नाही.

हल्ली मी ओरडलो, की तो अस्खलित इंग्रजीत उलट उत्तर देतो.