सुभेदारांची कांदेनवमी

कुत्र्याला प्रेमाने मारायला निघालेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. मुरबाडच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानापेक्षा तोंड मोठं होतं. बायकोला जन्मभर 'ए' म्हणून हाक मारली, पण दारातल्या तांबड्या कुत्र्याला 'अहो सुभेदार' म्हणायचे. पहिला घास सुभेदाराचा, आणि आपल्या ताटात जे असेल तेच त्याला, असा त्यांचा नेम. आत्या म्हणायची, "त्याला नुसती भाकर घालते ना." त्यावर तिलाच झापायचे, "तुला शिळंपाकं दिलं तर चालंल काय?" तिच्या वाट्याला रोज शिळंच यायचं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पूजेच्या शिऱ्यातले बेदाणे ते सुभेदारासाठी वेचून ठेवायचे. सुभेदार ओकला की दृष्ट काढायचे. पण खरा सोहळा कांदेनवमीचा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणून नवमीला घरातला कांदा संपवायचा. आतोबा तर कांद्यावाचून घास न उतरणारे. भजी, थालीपीठ, झुणका, भातातही कांदा, आणि सगळ्याचा बरोबरीचा वाटा सुभेदाराला. मी शहापूरहून दर वर्षी जेवायला जायचो आणि एकादशीचा फराळ करूनच परतायचो. एकादशीला सुभेदार तोंड फिरवून पडलेला असायचा. "बघ, आमच्या सुभेदारांनी एकादशी धरली," आतोबा मला ऐकवायचे. "तुमी शिकलेली माणसं, तुमाला जमतं काय?" पुढे चार महिने कांदा नाही, म्हणून दिवाळीपर्यंत तो पुन्हा धष्टपुष्ट व्हायचा. मग ते व्रताचं पुण्य ठरायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मात्र द्वादशी गेली, त्रयोदशी गेली, तरी सुभेदार उठेना, म्हणून मीही राहिलो. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी लाल. आतोबा दुकान बंद करून त्याच्या उशाशी बसलेले. जवळच्या वैशाखरे गावात बैल तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरला मी घेऊन आलो. काय खाल्लं विचारल्यावर आतोबांनी अभिमानाने सगळी यादी सांगितली.

डॉक्टर म्हणाला, "कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं, शेट. लसूणपण तसाच. तुमी याला दरसाल मारताय, आन् हा दरसाल वाचतोय."

आतोबांनी सुभेदाराच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला कोण बोललं कसं नाय?"

"मी सहा वर्षं बोलतेय," आत्या म्हणाली.

सुभेदार महिनाभराने उठला. मला वाटलं, आता कुत्र्याला भाकर आणि यांना भजी. पण नेम म्हणजे नेम. "त्याला नाय ते मला नाय," म्हणाले आणि कांदा कायमचा सोडला. आत्याला कोणी विचारलंच नाही. ती बिचारी शेजारी जाऊन कांदा-भाकर खायची.

पाचेक वर्षांनी सुभेदार म्हातारा होऊन गेला. पुढच्या कांदेनवमीला आत्याने मुद्दाम कांद्याची भजी केली. आतोबांनी एक उचललं, सवयीने दाराकडे हात नेला आणि घाईने मागे घेतला. "नको सुभेदार, बाधंल तुमाला," म्हणाले. दारात कोणीच नव्हतं. भजं हातातच राहिलं. मग त्यांनी ते आत्यापुढे धरलं. "घे. आधी तू खा."

आत्याने ते उभ्यानेच खाल्लं. अजून गरम होतं.